अकरावी फेरी

विश्वजीत कळमनुरीकरला त्या दुपारी काय काय मिळणार होतं, ते त्याच्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं, कारण त्याचा प्रस्ताव मीच टाईप केला होता. आठ वर्षं तो आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवत होता. म्हणजे जितके तास तितकाच माणूस. सुट्टीत माणूस नाही. प्रस्ताव मंजूर झाला की तो बाराही महिने माणूस होणार होता. जिमखान्याच्या दारावर त्याच्या नावाची पाटी लागणार होती. सासरवाडीला, जिथं दोन्ही मेहुणे बँकेत आहेत, तिथं त्याला पहिल्या पंगतीला बसवणार होते. शिवाय त्याचे वडील बंडोपंत, औंढ्याला नागनाथाच्या देवळात पूजाअर्चा करणारे, गेली आठ वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमचा विश्वजीत प्राध्यापक आहे" असं सांगत आले होते, ते एकदाचं खरं होणार होतं. म्हाताऱ्याचं खोटं खरं करून देणं हा फायदा मी वेगळा धरतो.

बदल्यात द्यायचं ते थोडकं होतं. विद्यापीठाची तिघांची समिती येणार होती, तिला पोरी पळवून दाखवायच्या. बस.

आमचं कॉलेज हिंगोलीहून सेनगावला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तिथं मी एकतीस वर्षं नोकरी केली, शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. माणसाला काय हवंय आणि त्यासाठी तो काय सोडायला तयार आहे, हे अर्ज हातात घेताघेताच कळायला लागतं. विश्वजीतचं मात्र मला उशिरा कळलं.

तो बाहेरगावी जाऊन खेळाडूंची ताकद आणि दम वाढवण्याचा सहा आठवड्यांचा कोर्स करून आला होता. आल्यावर त्यानं नोटीस बोर्डावर ‘शक्ती व क्षमता वर्धन कार्यक्रम’ असा कागद लावला. इंग्रजीत त्याला कंडिशनिंग म्हणतात, पोरं नुसतं ‘कंडिशन’ म्हणायची. "कंडिशनला जाऊन राहिलो," असं म्हणून मराठीच्या तासाला दांडी मारायची. सामान म्हणाल तर ट्रॅक्टरचं एक टायर, सोयाबीनच्या बारदान्यात भरलेली वाळू आणि वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली लोखंडी दांडी. पण वही बघण्यासारखी होती. एकेका खेळाडूला एकेक पान. वजन, खांद्यावर किती किलो घेऊन किती बैठका, झोप किती, सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके किती. वह्यांच्या बाबतीत मी सहजासहजी कुणाला मान देत नाही. त्याला दिला.

ठोके मोजायचं सांगितलं तेव्हा खो-खोच्या संघातली पुजा आडे उभी राहिली. पहिल्या वर्षाची पोरगी, सेनगावकडच्या तांड्यावरून रोज जीपनं यायची.

"सर, आमच्या घरी घड्याळ एकच. ते बाच्या हातात, आन बा पहाटंच रानात. म्या नाडी मोजू का बाला हुडकू?"

सगळी पोरं हसली. विश्वजीतही हसला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं जुनं घड्याळ तिला आणून दिलं. पोरगी पळायला लागली की गवतावरून वारा जावा तशी जायची. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचं सर्टिफिकेट भरतीत कामाला येतं, असं सगळी पोरं धरून चालायची. तीही चालायची.

तिचं आणि माझं एक गुपित होतं. जूनमध्ये तिचा बाप हिरासिंग प्रवेशाचे कागद घेऊन आला होता. पांढरा शर्ट, खांद्यावर दस्ती, हातात पिशवी. मी कागद मोजून घेतले आणि तो माझ्या टेबलावर वाकला.

"सायेब, ह्यातला एक कागद चुकून आला बगा. त्यो काढून द्या."

मी पाहिलं. सरकारी आरोग्य शिबिराचं कार्ड होतं, अर्धं पिवळं, अर्धं पांढरं. वर पुजाचं नाव. खाली लिहिलेलं, ‘सिकलसेल वाहक’.

"पोरीला आजार आहे का काही?"

"आजार न्हाई हो. धडधाकट हाये. आश्रमशाळेत सुई टोचली आन हे हातात दिलं. नर्सबाई म्हनल्या, ह्याला दवा न्हाई, पथ्य न्हाई, फकत लगीन करताना दुसऱ्या कार्डवाल्याशी करू नका." मग त्यानं आवाज खाली आणला. "तिची मोठी बहीन हाये, शितल. तिचं जमून राहिलंय. पाव्हण्यायला कळलं की एकीचं कार्ड हाये, तर दुसरीचं बी असंलच म्हनतील. शितलची तपासनी झालीच न्हाई, ती शाळेत न्हवती तवा. पर येवढं कोन ऐकून घेतं?"

"घरात तरी माहीत आहे का?"

"पोरीला आन मला. पारुबाईला न्हाई सांगितलं. बायकोला सांगितलं म्हंजी मंग तांड्याला येगळं सांगायचं काम न्हाई."

मी हसलो आणि कार्ड परत दिलं. फुकटात उपकार करता येतील असे प्रसंग नोकरीत कमी येतात. आलेला मी सोडत नसे. नर्सबाई खोटं बोलली नव्हती. अर्धं बोलली होती. सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार; ज्यांना तो आईबापांपैकी एकाकडूनच मिळतो, असे वाहक शंभर वर्षं जगतात, शेती करतात, लेकरं वाढवतात, त्यांना काही होत नाही. फक्त उन्हात, तहानलेल्या अंगानं, जराही न थांबता जीव तोडून पळायला लावलं, तर त्यांचं रक्त क्वचित उलटतं. त्यांनी हवं तेव्हा थांबायचं असतं, एवढंच पथ्य. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हिरासिंगला नव्हतं, पुजाला नव्हतं. विश्वजीतच्या कोर्समध्ये कदाचित एखाद्या पानावर असेलही, पण त्याला कार्डच माहीत नव्हतं.

त्यानं विचारलं नाही असंही नाही. जुलैत त्यानं प्रत्येकाचा एक फॉर्म भरून घेतला. माझं अक्षर चांगलं म्हणून मला मैदानावर खुर्ची टाकून बसवलं. पोरी एका रांगेत उभ्या, समोर कबड्डीची पोरं बुटांच्या नाड्या बांधत, कान इकडं. विश्वजीत मोठ्यानं विचारत गेला, "दमा? फिट येते? हृदयाचं काही? रक्ताचं काही?" एकेकीचं नाव घेऊन. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी, समोर पोरांचा घोळका, अन् त्यात कोण काय सांगणार? एकीला खरंच दमा होता, तिनंसुद्धा मान हलवून नाही म्हटलं.

पुजाची पाळी आली. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई, सर."

‘आजार’ या शब्दापुढच्या चौकटीत मी ‘निरंक’ लिहिलं. चांगल्या अक्षरात.

आता साखळीचं सांगतो, कारण सगळं तिथं अडकलं. साखळी हा विश्वजीतचा स्वतःचा शोध. बारा पोरींनी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं, ही एक फेरी. मध्ये तीस मोजेपर्यंत उभं राहायचं, की पुढची. अशा सोळा. आणि एक जरी पोरगी मधेच थांबली, तर सगळ्या बाराजणींनी परत पहिल्या फेरीपासून सुरुवात करायची. "एकीचा पाय सगळ्यांचा पाय," असं तो म्हणायचा. त्याला अभिमान होता त्याचा. साखळीमुळं पोरी खरंच बदलल्या. आधी पाच फेऱ्यांत बसणाऱ्या सोळा करायला लागल्या.

ऑगस्टमध्ये एकदा पुजा नवव्या फेरीला बसली. मांड्या दगड झाल्या म्हणाली. ती बसून पाणी प्यायली, थोड्या वेळानं ठीक झाली. बाकीच्या अकरा जणी तिच्यासह परत एकपासून पळाल्या. संघाची कप्तान तारा, हिंगोलीतली, तोंडाची तिखट. ऑफिसच्या नळावर पाय धुताना तिचं चाललेलं मी ऐकलं.

"राणीसायेब बसल्या, आन आमी नोकर परत एकपासून! पुजे, तुज्यासाठी पालखी आनू का उद्यापासून?"

"आन की. पर उचलायला तूच ये. बाकीच्या दमल्यात."

"लाज न्हाई मेलीला."

"हाये गं. परत बसले तर माझं नाव बदल."

दोघी हसल्या. विश्वजीतनं त्या संध्याकाळी पुजाच्या पानावर लिहिलं, ‘नववी फेरी, थांबली. पाय चांगले. मन कच्चं.’ ते पान मी नंतर पाहिलं. मन कच्चं, या दोन शब्दांत त्याचा सगळा कोर्स होता. जो थांबतो तो मनानं थांबतो, हे त्यानं गृहीत धरलेलं.

दसऱ्याच्या सुट्टीत पुजा आठ दिवस घरी सोयाबीन कापत होती. सुट्टी संपल्यानंतर तिसऱ्या दिवशी समिती आली. सकाळी आठला यायची होती. पोरी सातपासून मैदानावर, नवी कोरी टी-शर्टं घालून. समिती अकराला पोचली. मग सत्कार, मग प्राचार्यांनी पडद्यावर दाखवलेली चित्रं, मग जेवण. आमच्याकडचं ऑक्टोबरचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. एक वाजता विश्वजीत मंडपाच्या मागं प्राचार्यांना गाठून म्हणाला, "सर, आत्ता नको. उद्या सकाळी घेऊ, नाहीतर निदान पाचला."

"कळमनुरीकर, साहेब लोक तीनला नांदेडला निघणार. दाखवायचं तर आत्ता. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

मी तिथंच होतो, पंक्तीत वाढणाऱ्यांवर लक्ष ठेवत. विश्वजीतनं वर पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. आठ वर्षं आणि एक वर्ष मिळवलं की नऊ होतात, हा हिशेब त्याच्या तोंडावर मला स्वच्छ वाचता आला. माझ्या हातूनही एक झालं होतं: मैदानावरचे थंड पाण्याचे दोन्ही जार मी मंडपात आणवले होते, साहेबांसाठी. पोरींना नळ आहे की, असं मनात धरून. नळाला पाणी बारालाच गेलेलं.

दीड वाजता शिट्टी झाली.

सातव्या फेरीपर्यंत बारा जणी एका ओळीत होत्या. समितीतले एक साहेब मान डोलवत होते. आठव्या फेरीला पुजा एक हात मागं पडली. नवव्याला दोन हात. तारा तिच्या शेजारून ओरडली, "पुजे, आज बसायचं न्हाई हां! आज बसलीस तर बघ!" दहाव्या फेरीनंतर तीस मोजायला उभ्या असताना पुजा तिला म्हणाली, "तारे, पाय माझे न्हाईत गं." हे तारानं नंतर रडत रडत सांगितलं. विश्वजीत रेषेवरून ओरडत होता, "पुजा, मन! मन घट्ट कर!"

अकराव्या फेरीत मैदानाच्या मध्यावर ती गुडघ्यांवर आली. पेटका आला की माणूस पाय धरतो, कळवळतो; तसं काही केलं नाही तिनं. नुसती खाली आली, ओलं धुणं दोरीवरून घसरावं तशी. मग उठली. चार-पाच पावलं पळाली.

समितीतल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. कौतुकानं. मग सगळ्या मंडपानं वाजवल्या. मीही.

ती पडली. विश्वजीत "ऊठ! पाचच राहिल्या!" म्हणत धावला, आणि जवळ गेल्यावर त्याचा आवाज बंद झाला. तिचे ओठ राखेसारखे दिसत होते. ती शुद्धीत होती, बोलत होती. तो तिचं डोकं मांडीवर घेऊन टी-शर्टनं वारा घालायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "सर, माझ्यामुळं परत एकपासून नका लावू."

समितीच्याच गाडीतून तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं, तिथून नांदेडला. संध्याकाळपर्यंत तिची लघवी काळी झाली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हिरासिंगला आणि विश्वजीतला एकत्रच विचारलं, "हिची सिकलसेलची तपासणी झालीय का कधी? कार्ड आहे का?"

हिरासिंग जमिनीकडं बघत राहिला. विश्वजीत म्हणाला, "नाही. आम्ही फॉर्म भरून घेतलाय. काही नाही तिला."

डॉक्टरांनी तपासणी केली, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना बाकावर बसवून समजावून सांगितलं. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे. फक्त थांबू द्यायला हवं होतं, पाणी द्यायला हवं होतं. "आधी कळलं असतं तर हिला खेळूसुद्धा नको असं म्हणालो नसतो मी. हिच्या मनानं पळू द्या, एवढंच सांगितलं असतं." तेव्हा हिरासिंगनं बाकाच्या कडेला दोन्ही हात धरले आणि विश्वजीतला म्हणाला, "सर, कार्ड हाये. घरी पेटीत हाये."

तिसऱ्या दिवशी दुपारी पुजा गेली.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष संस्थेचे, सदस्य प्राचार्य, नोंदी घ्यायला मी. हजर राहण्याची नोटीस घेऊन मी स्वतःच हिंगोलीत विश्वजीतच्या घरी गेलो. टपालानं पाठवता आली असती. पण मला बघायचं होतं. खरं बोलायचं तर मला वाटलं होतं की तो सुटणार. कार्ड लपवलं बापानं, सांगितलं नाही पोरीनं. मास्तर बिचारा काय करणार? असं कागदावर सहज उभं राहत होतं. नांदेडच्या दवाखान्याचे कागद कॉलेजकडं नव्हते आणि शव तपासणीचा पूर्ण अहवाल यायला महिने लागणार होते, पण त्यानं नुसतं तोंड उघडलं असतं, तर पेटीतलं कार्ड मागवायला कितीसा वेळ?

हिरासिंग आधीच तिथं होता. ओसरीवर, चपला काढून, गुडघे पोटाशी घेऊन. विश्वजीतची बायको देवश्री चहा घेऊन आली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"तुमच्यावर राग न्हाई माझा, सर," हिरासिंग म्हणाला. "घड्याळ दिलतं तुमी तिला. पर येक मागतो. कार्डाचं नाव काढू नका. तुळशीचं लगीन झालं की शितलचं उरकायचंय. पाव्हणे म्हनतात, झालं ते झालं, आमी मागं सरत न्हाई. भले लोक हायेत. पर हे कळलं तर सरतील."

विश्वजीतनं चहाचा कप खाली ठेवला. "मी नाव काढलं नाही तर माझं काय होईल, कल्पना आहे तुम्हाला?"

"व्हय."

"तरी मागता?"

"येकच ऱ्हायली आता, सर."

देवश्री दारातच उभी होती. "आणि आमचं काय, दादा?" ती हिरासिंगला म्हणाली. रागानं नाही, एखादा रस्ता विचारावा तशी.  हिरासिंग माझ्याकडं वळला. "ह्या सायेबांनी बी जूनपासून कुनाला..." आणि मधेच थांबला.

विश्वजीतनं माझ्याकडं पाहिलं. मी बशी हातात धरलेली. जूनपासून, हा शब्द त्याच्या डोक्यात उतरताना मला दिसला. मैदान, खुर्ची, फॉर्म, माझं चांगलं अक्षर, सगळं तो मनातल्या मनात लावत गेला. शिवी दिली असती तर मी घेतली असती. त्यानं मला एक शब्दही विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी चहा संपवला, नोटिशीवर सही घेतली आणि निघालो.

चौकशीला अर्धा तास लागला. अध्यक्षांनी विचारलं, "मुलीच्या आजाराची तुम्हाला कल्पना होती का?"

"तिला आजार नव्हता," विश्वजीत म्हणाला.

"आधी विचारणा केली होती?"

"केली होती. रांगेत, सगळ्यांसमोर. तशी विचारायची नसते."

प्राचार्यांनी लगबगीनं तो फॉर्म पुढं सरकवला. कॉलेजनं विचारणा केली होती, याचा तेवढाच पुरावा होता. सगळ्यांनी माझं अक्षर पाहिलं.

"मग झालं कशानं?"

"मी तिला थांबू दिलं नाही. कुणी थांबू नये म्हणून नियम केला होता. एक थांबली की सगळ्यांना शिक्षा. नियम माझा होता. ऊनही मला दिसत होतं."

प्राचार्य खाकरले. ऊन त्यांनाही दिसत होतं, पण ते खाकरण्यावर भागलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "कळमनुरीकर, विचार करून बोला. तुमच्या बाजूनं काही सांगायचं असेल तर अजून वेळ आहे."

"काही नाही."

त्यानं ते हिरासिंगसाठी केलं की स्वतःसाठी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. तो खोटं बोलला नाही, एवढं खरं. त्याच्या वाटणीचं होतं ते सगळं त्यानं सांगितलं. दुसऱ्यांच्या वाटणीचं तेवढं गाळलं. मी माझ्या खुर्चीत होतो, पेन हातात होतं. एक वाक्य माझ्याकडं होतं, आणि ते बोलायला वेळही भरपूर होता. मी ‘काही नाही’ असं लिहून घेतलं आणि खाली सह्यांसाठी जागा सोडली.

तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढावं लागत नाही. त्याला परत बोलावलं नाही की झालं. ज्या जागेचा प्रस्ताव त्याच्या नावानं टाईप केला होता, त्या जागेवर परभणीकडचा एक तरुण आला. त्याचा आदेश मीच काढला. शव तपासणीचा पूर्ण अहवाल उन्हाळ्यात पोलीस ठाण्यात आला म्हणतात. त्याची प्रत मागायला कुणी गेलं नाही. शितलचं लग्न झालं. मला पत्रिका होती, मी गेलो नाही.

मी मेमध्ये निवृत्त झालो. श्रावणात एका सोमवारी औंढ्याला गेलो. देवळाबाहेर बेल-फुलांच्या टोपल्यांची रांग होती. त्या रांगेच्या टोकाला विश्वजीत वडिलांसोबत बसलेला, अभिषेकाच्या पावत्या फाडत. बंडोपंत आता येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. नुसतं गोत्र विचारतात. विश्वजीत अंगानं उतरला होता. गावातली पोरं भरतीसाठी आम्हाला पळायला शिकवा म्हणून मागं लागतात, तो जात नाही, असं फुलवाल्यानं मला सांगितलं.

गर्दीत हिरासिंग भेटला. सोबत पारुबाई आणि शितल. शितलला सातवा महिना होता. हिरासिंगनं मला थोडं बाजूला घेतलं.

"सायेब, दवाखान्यात बाळतपनाचं नाव घातलं तवा तिचं रगत तपासलं." त्यानं ओठ ओले केले. "साफ निघालं. तिला काहीच न्हाई. कवाच न्हवतं."

 तो माझ्याकडून कशाची वाट बघत नव्हता. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि हे ज्याला सांगता येईल असा त्याच्या ओळखीत मी एकटाच.

तेवढ्यात पारुबाईनं विश्वजीतला पाहिलं. ती टोपल्या ओलांडून त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. बाई ओरडली नाही. लोकांनी वळून पाहावं एवढाही तिचा आवाज मोठा नव्हता.

"तूच ना रं त्यो मास्तर? माज्या लेकराला पळवू पळवू मारलंस तू. उनात. पानी बी न्हाई दिलंस. तुला लेकरू हाये का? तुज्या लेकराला कोनी असं करू ने, म्हून म्या देवाला सांगते रोज. तुला शाप द्याया येते मी, आन तोंडातून हेच निगतंय."

शितल तिला, तांड्यावर आईला हाक मारतात तशी, "याडी, चल, याडी" म्हणत दंडाला धरून ओढत होती. बंडोपंत उठायला लागले, विश्वजीतनं त्यांना हातानं बसवलं. तो स्वतः उभा राहिला, हात जोडले आणि तसाच उभा राहिला, पारुबाईचं संपेपर्यंत. त्यानं हिरासिंगकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हिरासिंगला काहीतरी करावं लागलं असतं. हिरासिंग पायातल्या चपलेचा अंगठा चाचपत होता.

तेव्हा कुणी किती भरलं ते मांडायचं झालं तर असं आहे. पुजानं भरलं, जेवढं होतं तेवढं सगळं, एकोणीस वर्षांचं. विश्वजीतनं नोकरी भरली, नाव भरलं आणि म्हाताऱ्या बापाचं ते एक वाक्य भरलं. तो अजून भरतोय, दर सोमवारी, समोर कोण येईल त्याच्यापुढं उभं राहून. हिरासिंगनं एक लेक देऊन जे वाचवलं ते बुडणारच नव्हतं, आणि हे बायकोला कधीच सांगता येणार नाही, हे त्याचं रोजचं. पारुबाईनं सगळ्यांच्या वाटणीचं भरलं, कशापायी ते ठाऊक नसताना. समितीतले साहेब तीनला निघणार होते, ते गाडी दवाखान्यातून परत यायची म्हणून साडेपाचपर्यंत खोळंबले.

माझ्याकडं कुणी काही मागितलं नाही. निरोपाला कॉलेजनं शाल आणि नारळ दिला. प्राचार्य भाषणात म्हणाले, यांच्या एकतीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडं झाला नाही. औंढ्याहून हिंगोलीची पाचची गाडी गर्दीनं फुटत होती, पण कंडक्टर आमच्या कॉलेजचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं एका पोराला उठवून मला बसायला जागा दिली.